राज्यसचिवाची बहीण

जिवंत माणसाचं नाव गल्लीला देऊ नये, असं आता वालमोरोत ज्याला त्याला वाटतं. तेव्हा मात्र एकालाही वाटलं नव्हतं. तेव्हा नगराध्यक्षांनी पाटीवरचं फडकं ओढलं, 'एवेलिओ कार्बाखो मार्ग' ही निळी अक्षरं दिसली, आणि गाव असा टाळ्या पिटत सुटला की चर्चच्या मनोऱ्यावरचे करकोचे भुर्रकन उडाले. फेलिसा, त्याची थोरली बहीण, पुढच्या रांगेत उभी राहून ढसाढसा रडत होती. बेकरीवाल्याचा पोर अर्थखात्याचा राज्यसचिव झाला होता. मंत्र्याच्या खालोखाल तोच. रडू येणार नाही तर काय!

आणि ते काही सुखासुखी झालं नव्हतं. माद्रिदला सरकारी अर्थतज्ज्ञ व्हायची जी परीक्षा असते ती माणसाची हाडं खिळखिळी करते. दोनशेच्या आसपास प्रकरणं तोंडपाठ करायची आणि परीक्षकांसमोर बसून, घड्याळ लावून, न अडखळता म्हणून दाखवायची. एवेलिओ पाच वर्षं त्या परीक्षेला चिकटून होता. दोनदा आपटला. बाप आधीच गेलेला, त्यामुळे भट्टी फेलिसाच्या गळ्यात. तिचं लग्न व्हायचं तेही त्या गडबडीत राहूनच गेलं. मग त्याची ती प्रकरणं ऐकायची कुणी? अबुंदिओ मास्तरांनी. शाळा सुटली की मास्तर भट्टीमागच्या खोलीत येऊन बसायचे, खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, चलनवाढ. कर सुरू." त्यांना त्यातलं निम्मंअधिक कळत नसे. पण पोरगं कुठं थापा मारतंय ते बरोब्बर कळायचं.

"थांब. हे वाक्य तुझं तुलाच समजलेलं नाही."

"समजलंय, मास्तर."

"मग डोळे का मिटलेस? पुन्हा म्हण."

पाच वर्षांत मास्तरांनी एक पै घेतली नाही. फेलिसाने बळेच हातात एक पाव कोंबला तर तेवढा घ्यायचे, आणि तोही घरी आदोराला. आदोरा म्हणजे त्यांची मुलगी. बुद्धीने कायमची सहा वर्षांची, अंगाने आता अठ्ठेचाळीसची. आई नाही. मास्तरांशिवाय तिला जगात कुणी नाही.

पुढे एवेलिओ जो सुटला तो सुटलाच. आधी खजिन्यात, मग मंत्रालयात, मग दर महिन्याला ब्रुसेल्सला. टीव्हीवर मंत्री बोलत असले की मागे डावीकडून तिसरा, कागदाची फाईल छातीशी धरलेला, टक्कल पडत चाललेला, तो आमचा एवेलिओ. दारूच्या गुत्त्यात पत्ते कुटत बसलेले म्हातारे टीव्हीकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "बोलतो तो दुसरा, पण लिहून देतो तो आपला." आणि ते खरंच होतं.

ज्या वर्षी पाटी लागली त्याच वर्षी ऑगस्टात जत्रेच्या उद्घाटनाचं भाषणही त्यालाच दिलं. आमच्याकडे हा मान गावच्या मोठ्या झालेल्या माणसाचा. नगरपालिकेच्या सज्जात उभं राहायचं, खाली सगळा चौक भरलेला, चार गोड शब्द बोलायचे, ज्याने बैलांचा आणि दारूकामाचा खर्च उचलला त्याचे आभार मानायचे, आणि मग रॉकेट सुटतं. त्या वर्षीचा खर्च नेहमीप्रमाणे बचत पेढीने उचलला होता. जिल्ह्याची जुनी पेढी. आमच्या आज्यांच्याही पैशांची तीच जागा. एवेलिओने आभार मानले, आणि बोलता बोलता गडी रंगात आला. म्हणाला, "ही पेढी या चर्चइतकीच पक्की आहे. माझ्या बहिणीचे पैसे तिथेच आहेत, आणि तिथेच राहणार आहेत!"

बोलायची रीत म्हणून बोलला हो तो. पण खाली उभे होते ते वालमोरोचे लोक. त्यांनी ते राज्यसचिवाचं वचन म्हणून घेतलं. सोमवारी पेढीच्या दारात रांग लागली.

पेढी तेव्हा एक 'खास ठेव' देत होती. व्याज सात टक्के. कागदावर बारीक अक्षरात भलतंच काहीतरी छापलेलं असायचं, की ही ठेव नव्हे, हिला मुदत नाही, पेढी बुडाली तर हीही बुडेल. पण एवढं बारीक वाचतो कोण? शाखेतला रामिरो तर आमचाच, त्याने स्वतःच्या आईला घ्यायला लावली होती. त्याला तरी कुठं कळलं होतं बिचाऱ्याला! फेलिसाने गुडघ्यांपायी भट्टी विकली होती, तिचे एकसष्ट हजार युरो तिने त्यात घातले. तिचं एकच मागणं होतं. तालुक्याला नन लोकांचा वृद्धाश्रम आहे, तिथे बागेच्या बाजूची खोली घ्यायची आणि शेवटचे दिवस कुणाला जड न होता काढायचे.

त्यानंतर मे महिन्यातला गुरुवार. सकाळचे अकरा. फेलिसा हरभरे निवडत बसली होती तर फोन वाजला. एवेलिओ फोन करायचा तो रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर. त्यामुळे त्याचा आवाज ऐकल्याबरोबर हिने हरभऱ्यांचं ताट बाजूला सारलं.

"काय झालं रे? बरा आहेस ना?"

"बरा आहे. घरात कुणी आहे का?"

"कोण असणार? मी आणि हरभरे."

"नीट ऐक, फेलिसा. ती खास ठेव उद्याच्या उद्या विकून टाक. सगळी. पैसे तालुक्याच्या दुसऱ्या बँकेत टाक. रामिरोला सांग, छप्पर गळतंय."

"छप्पर कुठं गळतंय?"

"फेलिसा!"

तिकडे कुणीतरी परक्या भाषेत काहीतरी म्हणालं, दार लागल्याचा आवाज आला.

"पेढी बुडतेय का रे?" तिने विचारलं.

"मी तसं काही म्हटलेलं नाही."

"सज्जातून तर म्हणालास, चर्चइतकी..."

"तेव्हाचं तेव्हा. हे बघ, युरोप पैसे देणार, बँका वाचणार, पण एका अटीवर. हे कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आधी तोटा सोसायचा. मी तीन आठवडे भांडलो. घसा बसला माझा. काल त्यांनी माझ्याकडूनच तो परिच्छेद लिहून घेतला." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "आता आईची शपथ घे. कुणाला सांगणार नाहीस. एका माणसालाही नाही. हे बाहेर गेलं तर मी तुरुंगात जाईन, कळतंय का तुला?"

"आणि बाकीच्यांचं रे?"

"सगळ्यांना नाही वाचवता येत, फेलिसा. घे शपथ."

तिने घेतली. आईची शपथ म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. भट्टीच्या राखेत हात घालून पोरांना वाढवलेली बाई ती. फोन ठेवल्यावर फेलिसाला आपण हरभरे निवडत होतो हेही आठवेना. उठली, फिरली, पुन्हा बसली. भावाने आपल्यासाठी केवढी जोखीम घेतली, याने तिचा जीव भरून आला, आणि त्याच वेळी शरमेने तोंड लपवावंसं वाटलं. खरं सांगायचं तर भरून येणं जरा जास्त होतं.

शुक्रवारी ती पेढीत गेली. रामिरोच्या काचेच्या खोलीत बसली आणि छपराचं रडगाणं गायली.

"विकायला हरकत नाही, फेलिसामावशी," रामिरो म्हणाला, "पण ही खास ठेव मोडत नसते. तिला गिऱ्हाईक लागतं. तुम्ही सोडायची तर दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. तुमचं नशीब बघा, आजच एक जण मागायला आलेत. मोठी रक्कम हवीय त्यांना आणि माझ्याकडे द्यायला कागदच नव्हता."

"कोण?"

"ते सांगायची परवानगी नाही. त्यांनाही तुमचं नाव सांगणार नाही. इथे सही करा. आणि इथे. छप्पर फारच गळतंय का हो?"

फेलिसाने सह्या केल्या. मनात म्हणाली, असेल कुणी तालुक्याचा धान्यवाला, त्यांच्याकडे पैशाला काय कमी आहे. मग ती उठली, दार उघडलं, आणि बाहेरच्या खुर्चीवर अबुंदिओ मास्तर बसलेले. टोपी गुडघ्यावर. शेजारी आदोरा, पेढीने दिलेल्या फुग्याशी खेळत. त्या खोलीबाहेर दुसरं चिटपाखरू नव्हतं.

"अगं, फेलिसा!" मास्तर खुलले. "बरी भेटलीस. बायकोचा द्राक्षमळा विकला बघ शेवटी. ते सगळे पैसे आता आदोरासाठी ठेवायचे. माझं वय झालं. मी गेल्यावर हिला त्या प्रांताच्या मोठ्या सरकारी आश्रमात नेऊन टाकतील, तिथे हिला कोण ओळखणार? नन लोकांकडे ठेवायची तर महिन्याला व्याज हातात पाहिजे." मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. ठेवू ना मी? तुझेही आहेतच ना यात?"

मागे दार उघडं होतं. रामिरो कागद नीट लावत होता, त्याचे कान इकडेच. सगळा प्रकार एका क्षणात तिच्या ध्यानात आला. आईची शपथ, भावाचा तुरुंग, आदोराचा फुगा, सगळं एकदमच डोक्यात घुसलं. आणि तिच्या तोंडून शब्द गेला, "हो, मास्तर."

"मग झालं," मास्तर म्हणाले. "एवेलिओच्या बहिणीचे आहेत म्हटल्यावर मी कशाला घाबरू?" आणि आदोराचा हात धरून आत गेले.

तीन आठवडेसुद्धा गेले नाहीत. बातमी टीव्हीवर आली तेव्हा एवेलिओ नेहमीच्या जागी उभा होता, मागे डावीकडून तिसरा. खास ठेवीचे शेअर झाले, आणि शेअरचं मग पाणी झालं. मास्तरांच्या एकसष्ट हजारांचे सात हजार उरले. गावात रडारड, शिव्याशाप, सगळं झालं. दर गुरुवारी लोक पातेली आणि शिट्ट्या घेऊन पेढीसमोर उभे राहू लागले. रामिरोची आई पहिल्या रांगेत, काचेआडच्या पोराकडे बघत पातेलं बडवायची. ऑगस्टात त्याने नोकरी सोडली आणि बिल्बाओला निघून गेला. जाताना कुणाला भेटला नाही.

या सगळ्यात फेलिसाचं काय? फेलिसाची सगळ्यांना दया आली. हे तिला मारून टाकणारं होतं. कुणी अंडी आणून द्यायचं, कुणी सॉसेजची माळ दाराला अडकवून जायचं. शेजारीण तर गळ्यात पडून म्हणाली, "सख्खा भाऊ राज्यसचिव असून तुझेही गेले ना गं! कसलं नशीब तुझं!" फेलिसा मान खाली घालायची. लोकांना ते दुःख वाटायचं. अंडी ती खायची नाही, खड्ड्यात पुरायची.

तालुक्याच्या बँकेतले पैसे तिने हात न लावता ठेवले. नन लोकांकडे अर्ज केला नाही. मास्तरांना परत द्यावेत तर कशाचे म्हणून द्यायचे? एकदा पाकीट घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेली. आत आदोरा मोठमोठ्याने पाढे म्हणत होती, चुकत होती, आणि मास्तर न चिडता सुधारत होते. फेलिसा दार न ठोठावता परत आली. मास्तर मात्र रस्त्यात भेटले की थांबायचे, टोपी काढायचे. "आपण दोघं एकाच होडीत," म्हणायचे. एकदा म्हणाले, "तुझ्याकडे बघून मला धीर येतो बघ." त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

सप्टेंबरात आईच्या वर्षप्रार्थनेला एवेलिओ आला. सरकारी मोटार गावाबाहेर उभी करून पायी आला, कारण चौकात पातेली होती. वाळलेला, डोळ्यांखाली काळं. लक्झेंबर्गच्या एका मोठ्या युरोपीय बँकेत त्याला उपाध्यक्ष म्हणून घेणार अशी चर्चा होती. फेलिसाने लसणाचं सूप पुढे ठेवलं. तो चमचा फिरवत बसला.

"माझा कागद कुणी घेतला, माहितीय?" ती म्हणाली.

"कुणीतरी घेतला असेल. बाजारात घेणारा असतोच."

"कुठला बाजार रे? हे वालमोरो आहे. इथे घेणारा दाराबाहेरच्या खुर्चीवर बसलेला असतो. मास्तरांनी घेतला. आदोराचे पैसे. मला विचारून घेतला."

चमचा थांबला. एवेलिओ इतका पांढरा पडला की फेलिसाला क्षणभर वाटलं, हा आता उठेल आणि पळत मास्तरांकडे जाईल. आयुष्यभर तो विकणारे आणि घेणारे यांच्यावर बोलत आला होता, पाच वर्षं घोकत आला होता, आणि बहिणीने विकलं म्हणजे गावातल्याच कुणालातरी घ्यावं लागेल, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

"मला सुचलंच नाही," तो म्हणाला. "देवाशप्पथ, फेलिसा, मला सुचलंच नाही."

"मग जा आता. सांग त्यांना. ते तिथे दोन घरं पलीकडे आहेत."

"काय सांगू?"

"जे झालं ते. पैसे माझ्याकडे आहेत, मी देते. तू फक्त तोंडाने सांग."

तो उठला. खिडकीशी गेला. तिथून मास्तरांचं दार दिसतं. फेलिसा बघत राहिली. मग तो वळला आणि घड्याळाकडे बघितलं.

"नोव्हेंबरात नेमणुकीचा निर्णय आहे," तो म्हणाला. "तोवर काही बोलू नकोस. पैसेही देऊ नकोस, लोक विचारतील कुठून आले. नोव्हेंबरनंतर मी स्वतः बघतो. मास्तरांचं सगळं मी बघतो, आदोराचंही."

"आणि आज निदान भेटून तरी जा. त्यांना वाटेल, आला आणि तोंड न दाखवता गेला."

"वेळ नाही गं. माद्रिदला बैठक आहे."

"एवेलिओ, तुला लाज वाटत नाही का रे?"

"वाटते," तो म्हणाला, आणि खरंच त्याचे डोळे भरले होते. "पण आता त्या लाजेने कुणाचं काय भलं होणार?" तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मागच्या दाराने गेला. सूप तसंच राहिलं. फेलिसाने ते मोरीत ओतलं आणि त्याला एक शिवी हासडली, जी तिने आयुष्यात कधी कुणाला दिली नव्हती.

ऑक्टोबरात नगरपालिकेची खुली सभा भरली. विषय एकच, गल्लीची पाटी उतरवायची आणि एवेलिओचा 'गावचा लाडका सुपुत्र' हा किताब काढून घ्यायचा. दुपारी बाराला सभागृह खचाखच भरलं. नगराध्यक्ष वर, सहा सदस्य बाजूला, कोपऱ्यात चिटणीस बाई इतिवृत्त लिहायला बसलेल्या. आमच्याकडे शेवटी गावकऱ्यांना बोलता येतं. एकेक जण उठून बोलत गेला. चोर म्हणाले, विकला गेलेला म्हणाले, बापाच्या भट्टीवर थुंकला म्हणाले. फेलिसा मधल्या रांगेत. तिला कुणी काही बोललं नाही. उलट पुढचा एक जण वळून म्हणाला, "तुला लागावं म्हणून नाही हो बोलत आम्ही."

मग आदोराशेजारून अबुंदिओ मास्तर काठी टेकत उठले. सभागृह गप्प झालं. अर्ध्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला.

"मी थोडंच बोलतो," ते म्हणाले. "चोर म्हणताय त्याला? अरे, चोर आधी स्वतःचं घर भरतो. याला सगळं आधी ठाऊक होतं, ठाऊक असणारच, त्यानेच लिहिलंय ते. एक फोन केला असता तर या फेलिसाचे पैसे वाचले असते. किती वेळ लागतो एका फोनला? केला का त्याने? नाही केला. ज्या बहिणीने भट्टीत जळून त्याला शिकवलं, तिला बुडू दिलं, पण कायदा मोडला नाही. माझे पैसे गेले. माझी पोरगी कुठं जाणार, मला ठाऊक नाही. मला त्याचा राग आहे. पण तो लबाड नाही. लबाड पोरगा माझ्यासमोर बसून पाच वर्षं प्रकरणं म्हणूच शकला नसता, मी पहिल्या दिवशी ओळखलं असतं. पाटी राहू द्या."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघांनी. पाटी राहणार, असं वाटायला लागलं. शेजारणीने फेलिसाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताखालून फेलिसा उभी राहिली. तिने आधी काही ठरवलं नव्हतं. पण मास्तरांनी तिच्या तोंडाकडे बघून ते सगळं म्हटलं होतं, आणि ते ऐकून गप्प बसणं तिच्याच्याने होईना.

"केला होता," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"फोन. गुरुवारी केला होता. शुक्रवारी मी विकून मोकळी झाले. माझा एक पैसाही बुडाला नाही."

चिटणीस बाईंनी पेन उचललं आणि नगराध्यक्षांकडे बघितलं. "हे नोंदवायचं का?"

"फेलिसा, बस तू," नगराध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "तुला बरं वाटत नाहीये. काय बोलतेस ते कळतंय का? तुझा भाऊ आहे तो."

"कळतंय. लिहा, बाई. एवेलिओ कार्बाखोने फोन केला. फेलिसा कार्बाखोने विकलं."

पेन चालल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. लक्झेंबर्ग संपलं होतं, कदाचित त्याहून जास्त काही संपलं होतं, आणि हे तिने स्वतःच्या हाताने केलं होतं. पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती मास्तरांकडे बघत होती. पिशवीतून तिने पासबुक काढलं, रांगेतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेली आणि पुढे धरलं.

"तुम्ही आत जाऊन घेतलात तो माझाच कागद होता, मास्तर. हे तुमचे आहेत. जसेच्या तसे आहेत. मी हात लावलेला नाही."

मास्तरांनी पासबुकाकडे बघितलंही नाही. आदोरा बघत होती. मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू हो म्हणालीस."

"माझ्यावर शपथ होती, मास्तर. आईची. कुणाला सांगायचं नाही म्हणून. मी काय करणार होते?"

मास्तर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. फळ्यावर चुकलेल्या पोराकडे बघावं तसे. रागाने नाही.

"सांगू नकोस म्हणाला होता ना तो? मग सांगायचं नव्हतंच," ते म्हणाले. "मी विचारलं, ठेवू ना. तू नाही म्हणायचं होतंस, फेलिसा. का, ते मी विचारलं नसतं. नुसतं नाही म्हटलं असतंस तरी मी टोपी घालून घरी गेलो असतो."

पाच महिने फेलिसाने शपथेला दोष दिला, भावाला दिला, रामिरोच्या उघड्या दाराला दिला. नुसतं नाही म्हणता आलं असतं. शपथही राहिली असती, भाऊही राहिला असता, आणि हे एवढं साधं तिला आजवर एकदाही सुचलं नव्हतं.

मास्तरांनी आदोराला उठवलं, तिच्या कोटाची वरची गुंडी लावली. "चल, बाळ, जेवायची वेळ झाली," म्हणाले. लोकांनी पाय आवरून त्यांना वाट दिली. ते गेल्यावर नगराध्यक्षांनी खाकरून मतदान घेतलं, आणि सहाच्या सहा हात पाटी उतरवण्याच्या बाजूने वर गेले.

फेलिसा पासबुक हातात धरून तिथेच उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नाही.